म्हशीच्या गोठित वीर्यात पटलं नेमकी कुठे फाटतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत आरेतल्या तबेल्यात मुऱ्हा रेड्यांचं वीर्य गोळा होतं आणि परळला आणून ट्रिस-अंडबलक एक्स्टेंडरमध्ये (वीर्य पातळ करून टिकवणाऱ्या द्रावणात) बारीक कांड्यांत भरून गोठवलं जातं. ताज्या वीर्याची मोटिलिटी (हलणाऱ्या शुक्रजंतूंचं प्रमाण) ७५ ते ८० टक्के दिसते, पण कांडी वितळवली की ती ३०-३५ वर येते आणि हॉस्ट (पातळ द्रावणात पटल शाबूत असलेल्या जंतूची शेपटी वळते, अशा जंतूंची टक्केवारी मोजणारी चाचणी) त्याहूनही खाली जातं. शुक्रजंतूचं पटल, म्हणजे बाहेरचं आवरण, वाचवण्यासाठी व्हिटॅमिन ई, ग्लुटाथायोन आणि ट्रेहॅलोज यांपैकी काय घालावं, असं विचारलं आहे.

तूर्तास काहीच घालू नका. ८० वरून ३५ वर येणारा नमुना अँटिऑक्सिडंट नसल्यामुळे पडलेला नसतो. कुठल्या तरी एका पायरीवर मोठी गळती असते आणि बहुतेक वेळा ती नायट्रोजनच्या डब्याच्या कितीतरी आधी असते. म्हणून आधी एकाच नमुन्याची चार ठिकाणी तपासणी करा: गोळा केल्याबरोबर, एक्स्टेंडर मिसळून केलेल्या पहिल्या डायल्युशननंतर १० मिनिटांनी, ४ अंशांवर ४ तास ठेवल्यावर आणि वितळवल्यावर. चारही वेळा मोटिलिटी आणि हॉस्ट दोन्ही बघा. थंड नमुना थेट मायक्रोस्कोपखाली नेऊ नका. ३७ अंशांवर पाच मिनिटं गरम करून मग बघा, नाहीतर निम्मे शुक्रजंतू मेलेले वाटतील. ८०, ७५, ७०, ५० असा उतार दिसला तर प्रयोगशाळा ठीक चालली आहे. ८०, ७०, ५०, ३५ असा असेल तर गोठवण्याच्या यंत्राला बोल लावण्यात अर्थ नाही, नुकसान थंड करतानाच झालेलं आहे.

असं का होतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. शुक्रजंतूचं पटल फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि प्रथिनांचं असतं. शरीराच्या तापमानाला त्यातली चरबी प्रवाही असते. खोबरेल तेल एसीच्या खोलीत जसं आधी गढूळ होतं, मग काही भाग थिजतो आणि काही पातळच राहतो, तसंच इथेही घडतं. थिजलेले आणि पातळ भाग वेगळे होतात आणि त्यांच्या सीमेवर पटल गळू लागतं. पोटॅशियम बाहेर जातं, कॅल्शियम आत येतं. बैल-रेड्यांसाठी सगळ्यात नाजूक पट्टा साधारण १५ ते ५ अंशांचा. कोलेस्टेरॉल जास्त असेल तर हा बदल सौम्य होतो. माणसाच्या आणि सशाच्या शुक्रजंतूत कोलेस्टेरॉल जवळजवळ फॉस्फोलिपिडच्या बरोबरीने असतं, बैलाच्या जंतूत निम्म्याहून थोडं कमी आणि डुकराच्या जंतूत साधारण पावपट. डुकराचं वीर्य गोठवणारे एवढे हैराण का असतात, ते यावरून कळावं. म्हशीचा शुक्रजंतू गायीच्या वळूपेक्षा जास्त हळवा असतो, तेव्हा होल्स्टीन वळूंवर चाललेला प्रोटोकॉल जसाच्या तसा उचलून चालत नाही.

आता तुमच्या बाबतीतला पहिला संशयित: आरे ते परळ हा प्रवास. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर तास सहज जातो. त्या तासात वीर्य न मिसळता तसंच टेस्ट ट्यूबमध्ये असेल तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे वीर्यद्रवातली बीएसपी गटाची प्रथिनं पटलाला चिकटून त्यातलं कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड ओढून काढत राहतात. मादीच्या जननमार्गात हेच काम हवं असतं, पण ट्यूबमध्ये तासभर चाललं तर पटल गोठवण्याआधीच पोकळ होतं. अंड्याच्या बलकातला एलडीएल (चरबी आणि प्रथिनांचा कण) मुख्यतः याच प्रथिनांना बांधून ठेवतो, आणि बलक उपयोगी पडण्याचं हे मोठं कारण आहे. म्हणून बलक जितका लवकर मिसळेल तितकं बरं. दुसरी गोष्ट तापमानाची. ट्यूब बर्फाच्या डब्यात ठेवली तर काही मिनिटांत कोल्ड शॉक बसतो आणि गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली तर जंतू आपली ऊर्जा जाळून टाकतात.

यावर उपाय सोपा आहे. एक्स्टेंडर थर्मासमध्ये ३४ अंशांवर तबेल्यातच घेऊन जा. नमुना हाती आला की त्याचंही तापमान तेवढंच करून १:१ मिसळा. एक्स्टेंडर नेहमी वीर्यात हळूहळू घालायचा, वीर्य एक्स्टेंडरमध्ये ओतायचं नाही. मग ट्यूब ३०-३२ अंशांच्या पाण्याच्या भांड्यात उभी करून ते भांडं इन्सुलेटेड पेटीत ठेवा. बर्फ नको. वीर्य गोळा करायच्या कृत्रिम योनीत भरलेल्या गरम पाण्याचा एक थेंब जरी कपात उतरला तरी त्याभोवतीचे जंतू फुगून फुटतात, हे त्याच वेळी तपासा. आतलं तापमान ४०-४१ अंश धरायचं असेल तर भरतानाचं पाणी थोडं जास्त गरम लागतं. गोळा करायच्या क्षणी थर्मामीटर आत घालून बघा, अंदाजावर राहू नका.

एक्स्टेंडरकडे वळूया, कारण इथे चुका अगदी साध्या असतात आणि महिनोन्‌महिने लपून राहतात. नेहमीचं प्रमाण असं: १०० मिलि बफरसाठी ट्रिस ३.०२८ ग्रॅम, सायट्रिक आम्ल मोनोहायड्रेट १.६७५ ग्रॅम, फ्रुक्टोज १.२५ ग्रॅम. या बफरचे ७३.६ मिलि, बलक २० मिलि आणि ग्लिसरॉल ६.४ मिलि मिळून १०० होतात. पेनिसिलिन मिलिला १००० युनिट, स्ट्रेप्टोमायसिन मिलिला १ मिग्रॅ. पीएच ६.८ च्या आसपास.

बाटलीवरचं नाव दोनदा वाचा. सायट्रिक आम्ल निर्जल प्रकारचं आलं असेल तर १.६७५ नव्हे, १.५३ ग्रॅम लागतं, १.६७५ च घातलं तर पीएच खाली घसरतो. ट्रिस बेसच्या जागी ट्रिस हायड्रोक्लोराइड आलं असेल तर तो पीएच नीट होईपर्यंत वाट बघू नका, बफर फेकून द्या. अल्कली घालत तो वर आणला तर क्षार वाढतात आणि परासरण दाब बिघडतो.

ग्लिसरॉल पिपेटने मोजू नका, वजन करा. ते इतकं घट्ट असतं की पिपेटच्या भिंतीला बरंच चिकटून राहतं, आणि ६.४ म्हणून घातलेलं प्रत्यक्षात साडेपाचच निघतं. घनता १.२६ धरली तर ६.४ मिलि म्हणजे ८.०६ ग्रॅम. बीकर तराजूवर ठेवून थेट त्यातच घाला. दुसरं, ग्लिसरॉल हवेतलं पाणी शोषतं. मुंबईत जून ते सप्टेंबर उघडीमिटी होत राहिलेली बाटली ऑक्टोबरात मूळ ग्लिसरॉल राहिलेली नसते. लहान बाटल्या घ्या, झाकणावर पॅराफिल्म लावा, उघडल्याची तारीख लिहा.

ग्लिसरॉलचा हा उपयोग १९४९ मध्ये लंडनच्या मिल हिल इथल्या पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांच्या ध्यानात आला, तोही बाटल्यांच्या लेबलांच्या घोटाळ्यातून. फ्रुक्टोजची समजलेली बाटली ग्लिसरॉलची निघाली. गंमत अशी की ते काम कोंबड्याच्या वीर्यावर चाललं होतं, आणि कोंबडीत ग्लिसरॉल फलनाच्याच आड येतं, रेतनाआधी ते काढून टाकावं लागतं. सस्तन प्राण्यांत ते चालतं, पण तिथेही ते निरुपद्रवी नाही. पाण्याचा बर्फ होतो तेव्हा उरलेल्या द्रवात क्षार एकवटतात आणि जंतू त्यात सुकत जातो. ग्लिसरॉल आत-बाहेर दोन्हीकडे राहून ही तीव्रता कमी करतं. त्याच वेळी ते पटलाला ताण देतं. ४ टक्क्यांखाली संरक्षण अपुरं पडतं, ८ च्या वर विषबाधा दिसू लागते. म्हशीसाठी ६ ते ७ पुरे.

बलक ताजा हवा. मुंबईत किराणा दुकानातलं अंडं किती दिवसांचं आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसतं, म्हणून पोल्ट्रीवाल्याशी थेट बोलून तीन-चार दिवसांच्या आतली अंडी लावून घ्या. कवच धुऊन ७० टक्के अल्कोहोलने पुसा. पांढरं वेगळं करा, बलक फिल्टर पेपरवर हलकेच लोळवा म्हणजे चिकटलेलं पांढरं शोषलं जातं, मग आवरण टोचून फक्त आतला बलक सिलिंडरमध्ये सोडा. आवरण पेपरवरच राहायला हवं. बफरमध्ये मिसळल्यावर जमलं तर सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट जोराने) अर्धा तास फिरवून वरचा स्वच्छ भाग वापरा. तळाशी बसणारे कण जंतूंच्या श्वसनात अडथळा आणतात आणि मायक्रोस्कोपखाली दिसणंही अवघड करतात. उपयोगी एलडीएल बहुतांशी वरच्या द्रवातच असतो. एक्स्टेंडर त्याच दिवशी संपवा.

सांद्रता मोजून शेवटचं डायल्युशन मिलिला ८ कोटी जंतू असं ठेवा, म्हणजे पाव मिलिच्या कांडीत २ कोटी येतात. याहून पातळ केलं तर जंतूंना स्वतःच्या वीर्यद्रवातलं संरक्षणही मिळत नाही.

आता थंड करण्याची पायरी. माझा सगळ्यात जास्त संशय इथे आहे. प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं की ३४ वरून ४ अंशांवर दीड ते दोन तासांत आणा. प्रत्यक्षात २४ अंशांच्या एसी खोलीत कांड्या भरल्या जातात, सील होतात आणि कोल्ड कॅबिनेटमधल्या आधीच ४ अंशांवर असलेल्या स्टीलच्या रॅकवर ओळीने मांडल्या जातात. पाव मिलिची बारीक कांडी धातूला टेकली की काही मिनिटांतच गार होते. म्हणजे नाजूक पट्टा, जो अर्ध्या-पाऊण तासात ओलांडायचा होता, तो चुटकीसरशी पार होतो. नोंदवहीत मात्र 'दोन तास' असंच राहतं, कारण कॅबिनेटचा काटा सुरुवातीपासून ४ दाखवत असतो.

हे तपासायला एक थर्मोकपल (तारेच्या टोकाने तापमान मोजणारं साधन) पुरे. रिकाम्या कांडीत एक्स्टेंडर भरा, बारीक तार आत घालून टोक बंद करा आणि बाकीच्या कांड्यांमध्ये ती मधोमध ठेवा. दर मिनिटाला आकडा लिहा. २० वरून ५ अंशांवर यायला अर्ध्या तासापेक्षा कमी लागत असेल तर चोर सापडला. मग कांड्यांची जुडी बांधून ती खोलीच्या तापमानाच्या २५०-३०० मिलि पाण्याच्या बीकरमध्ये उभी करा आणि बीकरच कॅबिनेटमध्ये ठेवा. पाण्याचं प्रमाण कमी-जास्त करून वेग हवा तसा बसवता येतो. बीकरमधून काढल्यावर कांड्या थंड टॉवेलने कॅबिनेटच्या आतच पुसून कोरड्या करा. बाहेर काढल्या तर मुंबईच्या दमट हवेत त्यांच्यावर लगेच दव धरतं, आणि ओली कांडी गोठताना तिच्यावर बर्फाचा थर बसतो.

४ अंशांवरचे चार तास ग्लिसरॉल आत शिरावं म्हणून असतात, अशी समजूत आहे. ग्लिसरॉल काही मिनिटांतच आत जातं. तो वेळ पटलातल्या चरबीची मांडणी स्थिरावण्यासाठी आणि बलकाचा पटलाशी संयोग होण्यासाठी लागतो. दोन तासांवर आणून 'वेळ वाचवणं' म्हशीत महागात पडतं. काही रेड्यांत रात्रभर ठेवलेला नमुना चार तासांपेक्षा चांगला निघतो, तेव्हा एकच स्खलन दोन भागांत वाटून तपासायला हरकत नाही.

गोठवण्याबद्दल १९७२ मध्ये मॅझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेलं तत्त्व अजूनही पुरेसं आहे. फार हळू गोठवलं तर पेशी सुकून दाट क्षारांत मरते, फार वेगाने गोठवलं तर पाणी बाहेर पडायला सवड मिळत नाही आणि पेशीच्या आतच बर्फ होतो. वळूंसाठी प्रोग्रॅमेबल यंत्रात रुळलेला मार्ग असा: ४ पासून उणे १० पर्यंत मिनिटाला ५ अंश, उणे १० पासून उणे १०० पर्यंत मिनिटाला ४० अंश, पुढे उणे १४० पर्यंत मिनिटाला २० अंश, आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये बुडवणं. पहिला टप्पा मुद्दाम संथ ठेवतात. पाणी बर्फ होताना उष्णता सोडतं, कांडीचं तापमान क्षणभर वर चढतं, त्या धक्क्याला सामावून घ्यायला वेळ लागतो.

यंत्र नसेल तर थर्माकोलच्या पेटीत द्रव नायट्रोजनच्या वाफेवर चांगलं काम होतं. अट एकच, शिस्त. द्रवाच्या पृष्ठभागापासून कांड्यांपर्यंत ४ सेंमी, ८ ते १० मिनिटं. पण ती ४ सेंमी दर बॅचला पट्टीने मोजा, कारण नायट्रोजन सतत उडत असतो आणि तिसऱ्या बॅचला तीच उंची ६ सेंमी झालेली असते. एका वेळी किती कांड्या ठेवता तेही ठरलेलं असू द्या. शंभर कांड्यांवर जमवलेली वेळ तीनशे कांड्यांना लागू पडत नाही, तेवढी उष्णता वाफेला उचलावी लागते. पेटीचं झाकण मधेच उघडून डोकावू नये हे सांगायला नको, तरी सगळे डोकावतात.

साठवणुकीतला तोटा कोणाच्याच खात्यावर पडत नाही. नायट्रोजनच्या डब्यातला कांड्यांचा कॅनिस्टर वर उचलून कांडी शोधताना पाव मिलिच्या कांड्या भराभर तापतात. उणे १३० च्या वर गेल्या की बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होऊ लागतात, आणि परत खाली सोडल्यावर ते लहान होत नाहीत. कॅनिस्टर डब्याच्या मानेच्या वर येऊ देऊ नका, लांब चिमट्याने काम करा, आठ-दहा सेकंदांत सापडली नाही तर कॅनिस्टर खाली सोडा आणि थोडं थांबून पुन्हा उचला. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हलवताना पंख्याखाली उभं राहू नका.

वितळवणं ३७ अंशांवर ३० सेकंद. वेगाने गोठवलेलं वेगानेच वितळवायला हवं, कारण उणे ६० ते शून्याच्या पट्ट्यात जितका वेळ जाईल तितके स्फटिक वाढतात. तबेल्यात नळाच्या २८-३० अंशांच्या पाण्यात कांडी सोडणं किंवा शर्टाच्या खिशात ठेवणं सर्रास चालतं. प्रयोगशाळेत ५० टक्के दिसलेली मोटिलिटी गर्भाशयात तेवढीच पोचत नाही, त्यातला काही वाटा याचा. थर्मास आणि वीस-पंचवीस रुपयांची कात्री यापेक्षा महत्त्वाचं एक साधन आहे, ते म्हणजे खरा थर्मामीटर. कांडी कापण्याआधी पूर्ण कोरडी पुसा. टोकावरचा पाण्याचा थेंब आत गेला तर ग्लिसरॉलने भरलेले जंतू त्यात फुगतात. वितळवल्यावर एसी गाडीत किंवा थंड ट्रेवर ठेवू नका, पंधरा मिनिटांच्या आत वापरा.

तुमच्या प्रयोगशाळेतली वितळवण्याची पायरी वेगळी तपासायची असेल तर दुसऱ्या केंद्राच्या चांगल्या कांड्या मागवा आणि तुमच्याच बाथमध्ये वितळवून तुमच्याच मायक्रोस्कोपखाली बघा. त्याही ३५ दाखवत असतील तर गोठवण्याचा काही दोष नाही.

हॉस्टबद्दल. १०० मिलि पाण्यात सोडियम सायट्रेट ०.७३५ ग्रॅम आणि फ्रुक्टोज १.३५१ ग्रॅम, म्हणजे साधारण १५० मिलिऑस्मोल. १ मिलि द्रावणात ०.१ मिलि वीर्य, ३७ अंशांवर एक तास, २०० जंतू मोजायचे, शेपटी वळलेले किती ते बघायचं. द्रावणात घालण्याआधीच वळलेल्या शेपट्या किती होत्या त्या वजा करायच्या, हे बरेच जण विसरतात. कांडीतला जंतू ग्लिसरॉलमुळे आधीच दाट द्रवात असतो. तो एकदम १५० मध्ये पडला की चाचणीच त्याला दुसरा धक्का देते. म्हणून ताज्या आणि गोठित नमुन्याचे हॉस्टचे आकडे थेट शेजारी ठेवू नका. गोठित नमुना आधी ३७ अंशांच्या ट्रिस बफरमध्ये थोडा थोडा पातळ करा, पाच मिनिटं थांबा, मग हॉस्टला घ्या. शिवाय वितळवलेला नमुना ३७ अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा बघा. पटलाला तडे गेलेले जंतू पहिल्या मिनिटाला झकास पळतात आणि तासाभरात थांबतात.

एवढं सगळं जागेवर आलं, मोटिलिटी ५० च्या पुढे स्थिरावली आणि तरीही काही टक्के मिळवायचे असतील, तर पदार्थांचा विचार करा. मेलेल्या जंतूंतून निघणारं एक एन्झाइम अमायनो आम्लांपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, ते शेजारच्या जिवंत जंतूंच्या पटलातली असंपृक्त चरबी जाळतं. अँटिऑक्सिडंट इथे काम करतात. पण मेलेले जंतू मुळातच कमी ठेवणं हे त्याहून स्वस्त. तुमच्या यादीत नसलेला, पण पटलासाठी मला जास्त पटणारा उपाय म्हणजे कोलेस्टेरॉल भरलेलं सायक्लोडेक्स्ट्रिन (साखरेच्या कड्यासारखा रेणू, तो पटलात कोलेस्टेरॉल पोचवतो). १ ग्रॅम मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन २ मिलि मिथेनॉलमध्ये, २०० मिग्रॅ कोलेस्टेरॉल १ मिलि क्लोरोफॉर्ममध्ये, दुसऱ्यातले ०.४५ मिलि पहिल्यात मिसळायचे, नायट्रोजन वायूखाली सुकवून पावडर करायची. वापरताना ५० मिग्रॅ पावडर १ मिलि ट्रिसमध्ये ३७ अंशांवर विरघळवायची, आणि बलकाचा एक्स्टेंडर घालण्याआधी १२ कोटी जंतूंना १.५ मिग्रॅ या प्रमाणात १५ मिनिटं द्यायची. क्लोरोफॉर्मचं काम फ्यूम हूडमध्येच. मात्रा वाढवली तर गोठल्यावरची मोटिलिटी छान दिसते, पण कोलेस्टेरॉलने जड झालेला जंतू अंड्यापाशी पोचून डोक्यावरची टोपी म्हणजे अ‍ॅक्रोसोम उघडायला उशीर करतो, म्हणून फक्त मोटिलिटीवर निकाल देऊ नका.

आणि प्रबंधासाठी हे करत असाल तर एकाच रेड्याची बारा स्खलनं म्हणजे बारा स्वतंत्र नमुने नव्हेत. चार-पाच रेडे घ्या, प्रत्येकाचं स्खलन सगळ्या गटांत वाटा, आणि विश्लेषणात रेडा हा वेगळा घटक धरा. रेड्या-रेड्यातला फरक बहुतेक पदार्थांच्या परिणामापेक्षा मोठा असतो.

प्रश्नाच्या शेवटी उस्मानाबादी बोकडाला हेच चालेल का असं विचारलं आहे. नाही चालणार. बोकडाच्या बल्बोयुरेथ्रल ग्रंथीतून फॉस्फोलायपेज एन्झाइम येतं, ते बलकातल्या लेसिथिनपासून लायसोलेसिथिन बनवतं आणि ते जंतूच्या पटलालाच विषारी ठरतं. २० टक्के बलक घातला की नमुना तासाभरात घट्ट होऊ लागतो. तिथे बलक २ ते ५ टक्क्यांवर आणा, किंवा सोया लेसिथिन वापरा, किंवा आधी वीर्यद्रव धुऊन काढा: ट्रिस बफरमध्ये दहापट पातळ करून ६०० जी वर १० मिनिटं, वरचा द्रव टाकून पुन्हा एकदा तसंच. याहून जोरात फिरवू नका, तळाशी घट्ट दाबले गेलेले जंतू धुण्यातच मोडतात.